दुसऱ्या कागदावर तरी न वाचता सही करू नका

पत्र असं आहे. थोडं कमी केलंय, ओळख पटेल असे तपशील काढलेत.

"ताई, मी 48 वर्षांची. माहेर सोलापूरच्या पूर्व भागात, सासर जुळे सोलापुरात. वडिलांचे घरामागच्या शेडमध्ये चार माग होते, टॉवेल निघायचे. घर, शेड सगळं त्यांनी स्वतःच्या कष्टाने उभं केलेलं. 2016 ला ते गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर भाऊ म्हणाला, घराला नाव लावायचंय, तुझी एक सही लागते. रिक्षातून नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला, येताना एक साडी घेऊन दिली. 2019 ला मालकांच्या हार्टच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले म्हणून मी त्याच्याकडे गेले, तर चार माणसांत म्हणाला, 'हक्कसोड करून दिलीस की. आता काय मागायलीस? तुझं हितं काय राहिलं नाही.' तेव्हा मला कळलं मी कशावर सही केली ते. मंगळसूत्र गहाण टाकून ऑपरेशन केलं. तेव्हापासून मी कडक भाकरी करून विकते. थापताना त्याचं ते वाक्य आठवलं की हात जड होतो, त्या दिवशीच्या भाकऱ्या जाड निघतात, गिऱ्हाईक बोलून दाखवतं. दरवर्षी गड्ड्याला, सिद्धरामेश्वराच्या यात्रेला, अक्षता टाकायला जाते. तिथं तो बाराबंदी घालून काठीबरोबर (म्हणजे नंदीध्वजाबरोबर) असतो. मी अक्षता टाकते आणि मनात म्हणते, सिद्धरामा, तुला हा कसा चालतो? आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, वैशाखात. आई रोज फोन करते, 'झालं गेलं विसर, माफ करून टाक, माझ्या डोळ्यादेखत एक व्हा.' भाचीचा पण फोन आला, आत्या तू पाहिजेस. प्रवचनात ऐकलं, मुक्ताईने ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला लावली, मग आपण कोण? तोंडाने माफ केलं म्हणून बघितलं, पोटात उतरत नाही. मी वाईट आहे का?"

ताई, नमस्कार.

वाईट नाही आहात. हे आधी सांगून मोकळी होते, कारण तुमच्या चार पानी पत्रात हा प्रश्न तीनदा आलाय, आणि भावाने असं का केलं हा एकदाही नाही. फसवलं त्याने आणि स्वतःला तपासत बसलात तुम्ही. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला खटकतही नाही.

गड्ड्याचं तुम्ही लिहिलंत, तिथे मी बराच वेळ थांबले. मीही दरवर्षी जाते. कुंभारकन्येला सिद्धरामाशी लग्न करायचं होतं, त्याने आपल्या योगदंडाशी लावून दिलं, त्या लग्नाच्या या अक्षता. आणि अक्षता कधी पडतात? आधी संमती कट्ट्यापाशी संमती वाचली जाते. सातही काठ्या उभ्या असतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं घामाने निथळत असतात, लाखभर लोक मुठी आवळून वाट बघतात, आणि ते शब्द मोठ्याने म्हणून झाल्याशिवाय एक दाणा उडत नाही. ज्या गावात योगदंडाच्या लग्नालासुद्धा संमती वाचून दाखवतात, त्या गावात तुमची संमती तुम्हाला न वाचून दाखवता घेतली. ती घेणारा त्याच काठीबरोबर चालतो. तुम्हाला राग येतो तो त्या क्षणीच यायला पाहिजे. सिद्धरामाला तो कसा चालतो हे मला विचारू नका, माझी तेवढी पोच नाही. तुम्हाला तो चालत नाही, एवढं पुरे आहे.

आता तुमच्यासमोर दुसरा कागद आलाय. त्यावर लिहिलंय 'माफ केलं'. आई म्हणते सही कर, भाची नकळत म्हणते सही कर, प्रवचनकार म्हणतात सही कर. हाही हक्कसोडच आहे, खरं तर क्षमा म्हणजे तेच. माझं तुझ्याकडे जे निघतं ते मी सोडलं. पण सोडायचं तर आधी किती निघतं ते ठाऊक पाहिजे ना? मागच्या वेळी तुम्ही न वाचता सही केलीत, कारण माणूस विश्वासाचा होता. या वेळी वाचा. वाचायला वर्ष लागलं तर लागू दे.

आईचं वाक्य घ्या. 'झालं गेलं विसर.' मी पंचवीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून सवयीने कर्ता शोधते. 'झालं गेलं' यात कर्ताच नाही. पाऊस झाला, अंधार झाला, तसं ते आपोआप झालं. कुणी केलं नाही. 'माझं चुकलं' यात निदान 'माझं' तरी आहे. तुमच्या भावाकडून गेल्या इतक्या वर्षांत ते दोन शब्दी वाक्य आलेलं नाही, तो स्वतः फोनवरही आलेला नाही, आईला पुढे केलंय. ज्याने काही केलंच नाही त्याला माफ कशाचं करायचं? तुमच्या पोटात उतरत नाही म्हणता. उतरणार कसं, ताटात काही वाढलेलंच नाही.

आणि आई. इथे जरा हळू बोलते, कारण तुमची आई आहे आणि वय झालेलं आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल (तुम्ही तसा उल्लेख केलेला नाही), तर त्यांच्या स्वकष्टाच्या घरात आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा होता. मग आईच्या वाट्याचं काय झालं? तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हालाही माहीत नाही. माझा अंदाज, तिनेही त्याच रिक्षातून जाऊन अंगठा दिला असेल. आज ती मुलाच्या घरात, सुनेच्या हातचं खाते. तुम्ही लग्नाला गेला नाहीत तर टोमणे तिला बसतील. ती 'माफ कर' म्हणते त्यात तिची स्वतःची भाकरीही आहे. तिच्यावर चिडू नका. पण तिचं भय म्हणजे देवाची आज्ञा नव्हे.

मुक्ताईचं उदाहरण मला फार आवडतं, म्हणूनच ते असं चुकीच्या कामाला लावलेलं बघवत नाही. पहिली गोष्ट, ताटी लावून घेतली ती ज्ञानेश्वरांनीच. लोकांचं बोलणं त्यांनाही लागलं, इतकं की झोपडीचं दार बंद करून बसले. पुढचं सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही. दुसरी गोष्ट, दाराबाहेर कोण उभं होतं? धाकटी बहीण. संन्याशाची पोरं म्हणून जी अवहेलना भावाने सोसली, तीच तिनेही सोसली होती. ती घाव घालणाऱ्यांकडून निरोप घेऊन आली नव्हती. दार उघड म्हणण्याचा अधिकार तिला होता कारण ती त्याच बाजूची होती. तुमच्या दाराबाहेर आत्ता जे उभे आहेत त्यांतलं कोण तुमच्या बाजूचं आहे, मोजून बघा. मला तरी एकच दिसतात, तुमचे मालक. आणि ते काय म्हणतात हे तुम्ही लिहिलंच नाहीत.

आता माझी एक गोष्ट. शाळेत लागण्याआधी दोन वर्षं मी एका पतसंस्थेत कॅशवर होते. एकदा संध्याकाळी 1,100 रुपये कमी आले. माझ्याहून मोठ्या एक बाई होत्या, व्हाउचर त्यांनी चुकीचं लावलं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. साहेबांसमोर त्या म्हणाल्या, 'नवीन पोरगी आहे, होतं असं.' पैसे दोन हप्त्यांत माझ्या पगारातून गेले. पगार होता किती, तर सातशे. रकमेपेक्षा ते 'होतं असं' मला लागलं. पुन्हा बघा, कर्ता नाही.

चौदा वर्षं मी त्या बाईंना मनात सुनावत होते. भांडी घासताना, बसमध्ये, पेपर तपासताना. उत्तम भाषणं तयार होती माझी. मग एके दिवशी मंडईत त्या भेटल्या. हरभऱ्याच्या भाजीसाठी घासाघीस चालली होती, म्हातारपण आलेलं, गुडघे गेलेले. मला ओळखलंही नाही. 'जरा पिशवी धरता का बाई,' म्हणाल्या. मी धरली. त्यांनी सुटे पैसे मोजून दिले, पिशवी घेतली, गेल्या. घरी येऊन चहा टाकला आणि लक्षात आलं, भाषण आलंच नाही. मी काही ठरवलं नव्हतं, कुठला जप केला नव्हता. मला वाटलं, सुटले.

चार महिन्यांनी किराण्याचं बिल बरोबर 1,100 झालं आणि दुकानात उभ्या उभ्या माझे हात थरथरले.

हे सांगते एवढ्यासाठी की क्षमा एकदा केली आणि पावती फाडली असं होत नाही. येते, जाते, परत येते, फक्त जाऊन येण्यातलं अंतर वाढत जातं. हल्ली माझं वर्षातून एखाद्या वेळी होतं. त्याला मी माफी म्हणते. तुम्ही दुसरं काही म्हणा.

अमेरिकेत एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून मानसशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, क्षमा हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1996 चं नवं वर्ष उजाडतानाच त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला. शिकवायचा विषय अंगावर आला. ते क्षमेचे दोन प्रकार सांगतात. एक ठरवून करायची: मी सूड घेणार नाही, मी वाईट वागणार नाही. दुसरी मनातली, म्हणजे कडवटपणा विरघळणं. पहिली आज ठरवता येते. दुसरी कधी येईल हे सांगता येत नाही आणि ती हुकमाने येत नाही. तुम्ही तोंडाने म्हणून बघितलंत आणि पोटात उतरलं नाही, यात पाप काही नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. आणि पहिली तर तुम्ही न बोलता कधीच केलेली आहे. इतक्या वर्षांत भावाच्या दारात जाऊन तमाशा केला नाहीत, भाचीशी बोलणं तोडलं नाहीत, आईचा फोन रोज उचलता. हे कुणी मोजलं का?

तिसरी गोष्ट या दोन्हींहून निराळी, ती म्हणजे येणं-जाणं, विश्वास, व्यवहार. माफ केलेल्या माणसाकडेही परत पैसे ठेवायला द्यावेत असं नाही. आपल्याकडे माफ करणं आणि पूर्वीसारखं वागणं यांची गाठ मारून टाकलीय, म्हणून बायका माफ करायलाच घाबरतात. माफ केलं की लगेच दुसऱ्या दिवशी ताटाला ताट लावून जेवायचं! तुमच्या भावाला उद्या मनापासून माफ केलंत तरी तो पुढे करेल तो कागद तुम्ही वाचूनच घ्यायचा.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही, पण शेजारी एक आहेत, त्यांना विचारून लिहिते. पुष्कळांना वाटतं मुलीला हक्क 2005 नंतर मिळाला. तो वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला. त्यात 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा सारखा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. म्हणजे तुमचा हक्क कुणी उपकार म्हणून दिलेला नव्हता. मात्र हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, फोटो आणि अंगठा तुमचाच आहे, त्यामुळे कोर्ट ते सहज बाजूला सारत नाही. फसवणुकीने केलेला दस्त रद्द करून मागायला साधारणपणे फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. तुम्हाला 2019 ला कळलं. वाट अरुंद आहे, खोटी आशा दाखवत नाही. तरी एकदा विचारून घ्या, कारण दस्तात नेमकं काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून असतं: घर आणि शेड दोन्ही त्यात आहेत का, माग आहेत का, आईने वेगळा दस्त केलाय का. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

दावा लावाच असं मी म्हणत नाही. मला वाटतं तुम्ही लावणारही नाही. पण 'मी सोडलं' आणि 'माझ्याकडून सुटलं' यात फरक आहे, आणि ज्याचा भाकरी थापताना हात जड होतो तो दुसऱ्यात अडकलेला असतो. कागद हातात घेऊन, वाचून, किंमत समजून, मग 'जा, ठेव तुला' म्हणालात तर ते तुमचं देणं होईल. नाही म्हणालात तरी चालेल.

लग्नाला जा. भाचीसाठी जा. तिने सही घेतली नव्हती. हळदीला जा, आत्या म्हणून जो मान असेल तो घ्या, तुमच्या ऐपतीचा आहेर करा, पंगतीत बसा. भाऊ समोर आला तर 'मांडव छान झालाय' म्हणा आणि पुढे व्हा. कुणी हात धरून दोघांना जवळ आणायला बघेल, फोटोग्राफर तयारच असतो अशा वेळी, तर सरळ म्हणा, 'आज पोरीचा दिवस आहे, आमचं आम्ही नंतर बोलू.' हे वाक्य आरशासमोर दोन-चारदा म्हणून ठेवा, ऐनवेळी घसा दाटतो. आणि ती साडी, सहीच्या दिवशीची. कपाटात घडी न मोडलेली पडून आहे, फॉल-पिकोसुद्धा केलेला नाही, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. ती नेसून जाऊ नका. आईला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नको. लोक बहिणीची चोळी-बांगडी करून वाटा मिटवतात, तीच ती चोळी-बांगडी आहे. कुणाला देऊन टाकायची तर द्या, पण तुमच्या अंगावर नको.

आईला काय सांगायचं ते असं सांगा: 'आई, मी लग्नाला येते. भांडणार नाही. माफीचं त्याने स्वतः येऊन बोलावं, काय केलं ते नाव घेऊन. तोवर तू मध्ये पडू नकोस, तुला त्रास होतो.' ती रडेल. रडू द्या. फोन ठेवू नका, पण बोललेलं मागेही घेऊ नका.

भाऊ येईल का? लग्नाच्या धामधुमीत नाही येणार. कदाचित कधीच नाही. माणूस बाराबंदी घालून वर्षानुवर्षं काठी उचलू शकतो आणि बहिणीच्या दारात दोन शब्द त्याच्याच्याने उचलवत नाहीत, असंही असतं. तो आला नाही तर तुमचं मन मोकळं होणारच नाही असं मात्र समजू नका. माझ्या त्या बाई काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त पिशवी दिली होती.

तर आधी दस्ताची नक्कल काढा. दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करायचा असतो. दस्त क्रमांक नसला तरी तुमचं नाव आणि वर्ष यावरून शोध घेता येतो. श्राद्ध कुठल्या महिन्यात झालं ते आठवून ठेवा म्हणजे सोपं जाईल. ओळखपत्राची झेरॉक्स न्या. एकट्या जाऊ नका, मालकांना बरोबर घ्या. नक्कल मिळाली की तिथेच उभ्या उभ्या चाळू नका. घरी आणा, चष्मा लावा, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मालकांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.